दुखण्याचा हिशेब

अमेरिकेत माणूस आजारी पडला की औषधांच्या मागोमाग त्याच्या घरी एक कागद येतो. तो विमा कंपनीने धाडलेला असतो. त्यावर उपचाराची तारीख, उपचाराचा पाच आकडी संकेतांक, दवाखान्याने मागितलेली रक्कम, कंपनीने मान्य केलेली रक्कम आणि अखेरच्या रकान्यात रुग्णाच्या वाट्याला आलेली रक्कम, असे सारे ओळीने छापलेले असते. आणि माथ्यावर ठळक अक्षरांत खुलासा असतो की, 'हे बिल नव्हे'. बिल मागाहून निराळे येते. उभी नोकरी बँकेत दुसऱ्यांचे अर्ज व विवरणपत्रे तपासण्यात घालविलेल्या आम्हांला अशा कागदांचे भय वाटण्याचे कारण नव्हते. तथापि न्यू जर्सीत आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी या कागदांची चळत आम्ही प्रथम चाळली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कंबर दुखते की गुडघा, थोडे दुखते की असह्य, याला त्या कागदावर रकानाच नव्हता. त्या दुखण्यावर काय केले, त्याला मात्र होता.

भाऊजी मूळचे वसईचे. केळीचे लोंगर खांद्यावरून वाहिलेले. आखातात काही वर्षे काढून ते सहकुटुंब अमेरिकेला गेले आणि एका गोदामात मालाच्या ने-आणीवर देखरेख करू लागले. २०१९ च्या हिवाळ्यात घरापुढचा बर्फ फावड्याने ओढताना त्यांच्या कंबरेतील चकती सरकली. कळ मांडीतून थेट पोटरीत उतरे. त्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता तिकडे पोहोचलो, तेव्हा हा साठ वर्षांचा गडी भिंत धरून चालत होता. पुढील हकिगत ताईने आम्हांला तारीखवार सांगितली.

डॉक्टरांनी दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या. पहिली ऑक्सिकोडोन या अफूच्या कुळातील वेदनाशामक गोळ्यांची. न्यू जर्सी राज्याने २०१७ साली कायदा करून तीव्र वेदनेसाठीच्या अशा पहिल्या चिठ्ठीवर पाच दिवसांची मर्यादा घातली आहे आणि डॉक्टरांनी ती पाळली होती. दुसरी चिठ्ठी फिजिओथेरपीची : आठवड्यातून दोन वेळा, सहा आठवडे. पहिली चिठ्ठी दुकानात दाखविताच गल्ल्यावरील मुलीने संगणकाच्या दोन कळा दाबल्या आणि आठ डॉलर सांगितले. विमा कंपनीची संमती त्या दोन कळांमध्येच येऊन गेली होती. दुसरी चिठ्ठी पूर्वमंजुरीसाठी गेली, ती अकरा दिवसांनी परतली. बारांपैकी सहा बैठका मान्य. प्रत्येक बैठकीला चाळीस डॉलर रुग्णाने स्वतः भरावयाचे.

भाऊजींनी गोळ्यांचा दाम ऐकला आणि गोळ्या न घेताच ते घरी आले.

त्यांच्या हट्टाला कारण होते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच धर्मग्रामातील एका कुटुंबातला चोवीस वर्षांचा मुलगा गेला होता. फुटबॉल खेळताना त्याचा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, आणि महिन्याभराच्या गोळ्या मिळाल्या. खांदा बरा झाला, पण गोळ्या सुटल्या नाहीत. चिठ्ठी मिळेनाशी झाली तेव्हा त्याने रस्त्यावरची पूड घेतली आणि एके दिवशी त्या पुडीत फेंटानिल निघाले. शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांमध्ये भाऊजी होते. ताई म्हणाली, "पेटी हलकी होती म्हणून हे रडले." आम्ही त्यावर काही विचारले नाही.

हे एका घरापुरते असते तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. १९९९ ते २०२३ या काळात अफूच्या कुळातील औषधे व अमली पदार्थ यांच्या अतिसेवनाने अमेरिकेत मेलेल्यांची संख्या आठ लाखांच्या घरात जाते. अगदी प्रारंभी हे मरण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून घरांत शिरले. १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात बॉस्टनच्या दोघांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या आणि ज्यांना पूर्वी व्यसन नव्हते अशांपैकी केवळ चौघांना ते जडल्याचे त्यांना आढळले होते. रुग्णालयाच्या खाटेवर परिचारिकेच्या नजरेखाली मिळालेल्या औषधासंबंधीचे हे पत्र पुढे घरी महिनोन्‌महिने घ्यावयाच्या गोळ्यांना दाखला म्हणून जोडण्यात आले. २०१७ साली याच नियतकालिकाने मोजणी छापली, तेव्हा त्या पाच वाक्यांचा आधार ६०८ लेखांनी घेतल्याचे दिसून आले. दरम्यान १९९६ साली परड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले होते. व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगून ते खपविले, हा गुन्हा तिच्या सहयोगी कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केला.

एवढा इतिहास बहुतेकांच्या कानांवर असतो. विम्याचा त्यातील वाटा मात्र सहसा सांगितला जात नाही, आणि आमच्या मते तो बाजूला सारण्याजोगा नाही.

गोळीखेरीज उपाय नव्हता, असे मुळीच नव्हे. सिसिलीजवळच्या फिलिकुडी या लहानशा बेटावर १९१७ साली जन्मलेले जॉन बोनिका हे भूलतज्ज्ञ वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी आखाड्यात कुस्त्या खेळले, आणि त्या कुस्त्यांतील दुखापतींनी त्यांना जन्मभर छळले. वेदना ही त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. १९५३ साली त्यांनी वेदनोपचारावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात असे केंद्र उभारले की तेथे भूलतज्ज्ञ, मज्जातंतूंचे वैद्य, मानसशास्त्रज्ञ व व्यायामोपचार करणारे एकत्र बसून एकाच रुग्णाचा विचार करीत. रुग्ण काही आठवडे तेथे येई. चालणे, वाकणे, झोपणे नव्याने शिके. गोळ्या कमी करून घेई. या नमुन्यावर अमेरिकाभर केंद्रे निघाली. मग १९९० च्या दशकात विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला. एवढ्या तज्ज्ञांचे एवढे आठवडे एकगठ्ठा मान्य करणे त्यांना परवडेना. एकेक तुकडा मंजूर होई, संपूर्ण उपचार होत नसे, आणि तुकड्यांवर ते केंद्र चालत नसे. बरीचशी बंद पडली.

सरकारनेही तेच केले. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात १९९७ च्या कायद्याने फिजिओथेरपी आणि वाचोपचार या दोहोंना मिळून वर्षाला १,५०० डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली व ती १९९९ पासून अमलात आली. पुढे तिला वारंवार स्थगिती मिळाली, अपवाद निघाले. ती कायमची रद्द व्हायला मात्र २०१८ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. हे सन शेजारी शेजारी मांडून पाहावेत. १९९६ साली गोळी आली आणि १९९७ साली हातांवर मर्यादा आली. कोणी कट केला असे आम्ही म्हणत नाही. काटकसर करणारे अधिकारी एका दालनात बसले होते आणि गोळी विकणारे दुसऱ्या. डॉक्टरांच्या टेबलावर मात्र दोघांचे कागद एकाच वेळी पोहोचले. पंधरा मिनिटांत रुग्ण उठवायचा असलेल्या डॉक्टराने कोणता कागद उचलला असेल, हे सांगायला नको.

सवय अशी सहजी मोडत नाही. २०१७ च्या सप्टेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स' व 'प्रोपब्लिका' यांनी मेडिकेअरच्या औषध-योजनांची छाननी प्रसिद्ध केली. नेहमीच्या अफूजन्य गोळ्या जवळपास सर्व योजना देत होत्या आणि त्यासाठी पूर्वमंजुरी मागणाऱ्या योजना थोड्याच होत्या. कातडीवर चिकटवायच्या लिडोकेनच्या पट्टीला, जिचे व्यसन लागत नाही, बहुतेक योजना आधी परवानगी मागत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने या साथीला सार्वजनिक आरोग्याचे संकट म्हणून घोषित केले होते.

आता विमा कंपनीचीही बाजू मांडणे न्यायाचे होईल. कर्ज मंजूर करणाऱ्याला परतफेडीची शेवटची तारीख हवी असते. गोळ्या मोजता येतात. फिजिओथेरपीत सारे पंधरा मिनिटांच्या मापाने चालते : ९७११० म्हणजे करवून घेतलेले व्यायाम, ९७१४० म्हणजे हाताने केलेले उपचार. पण अशा किती पंधरा मिनिटांनी माणूस ताठ उभा राहील, हे कोणता प्रामाणिक माणूस आधी लिहून देईल? शिवाय न केलेल्या उपचारांची बिले लावणारे महाभागही त्या देशात आहेतच. कंपनी चौकशी करते यात गैर काही नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. चौकशीची सारी हौस एकाच चिठ्ठीवर भागविली जाते, आणि जिने घरे उजाड केली ती चिठ्ठी दोन कळांत मंजूर होते.

सहा बैठका संपल्यावर पुढील बैठकांसाठी अर्ज गेला. नकार आला : रुग्णात पुरेशी सुधारणा दिसत नाही, सबब उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरत नाही. उपचार करणाऱ्या बाईंनी मापे दिली. प्रारंभी भाऊजींना दहा मिनिटे उभे राहवत नसे, आता ते पंचवीस मिनिटे राहतात. ती जोडून आम्ही अपिलाचा मसुदा लिहिला. निवृत्तीनंतर हाताला पुन्हा काम लागल्याचा थोडा आनंदही, खरे सांगायचे तर, झाला. महिन्याने उत्तर आले : रुग्णात आता पुरेशी सुधारणा झालेली आहे, सबब उर्वरित व्यायाम त्याने घरी करावेत. ताईने ती दोन्ही पत्रे फ्रिजच्या दारावर शेजारी शेजारी लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचावयास लावली.

२०१० च्या आरोग्यविमा कायद्याने तिकडील रुग्णाला एक हक्क दिला आहे, जो पुष्कळांना माहीत नसतो. कंपनीने अपील फेटाळले तर चार महिन्यांच्या आत कंपनीबाहेरील स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाकडे दाद मागता येते आणि त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. आमचे ज्या वाचकांचे मुलगे-मुली तिकडे आहेत, त्यांनी हे त्यांना अवश्य कळवावे. आम्ही सप्टेंबरात परतलो. ऑक्टोबरात निकाल भाऊजींच्या बाजूने लागला व आणखी सहा बैठका मिळाल्या. परंतु मधल्या महिन्यांत ते अर्ध्या पगाराच्या बैठ्या कामावर गेले होते, आणि तीन बैठकांचे पैसे, प्रत्येकी पंचाण्णव डॉलर, त्यांनी पदरचे भरले होते. ते परत मिळाले नाहीत.

सहा वर्षांनी, २०२५ च्या वसंतात, भाऊजींच्या उजव्या गुडघ्याची सांधाबदल शस्त्रक्रिया ठरली. आम्ही पुन्हा गेलो. आता ते मेडिकेअरमध्ये होते, आणि दरम्यान कायद्यात एक बदल झाला होता. तो समजण्यासाठी जुनी रीत ठाऊक हवी. रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवायचे असेल तर मेडिकेअर रुग्णालयाला शस्त्रक्रियेचे ठरावीक गाठोडे देई. भूल, बधिर करणारे औषध, पट्ट्या, सारे त्यात आले. सांध्याभोवती दोन-तीन दिवस बधिरता ठेवणारे महाग औषध वापरले तर त्याचा खर्च रुग्णालयाच्या अंगावर पडे. उलट रुग्णाच्या हाती अफूजन्य गोळ्यांची चिठ्ठी ठेवली की रुग्णालयाला खर्च शून्य, कारण ती गोळी औषधांच्या निराळ्या खात्यातून येई आणि तिथेही ती स्वस्तच. कोणी दुष्ट असण्याची गरजच नव्हती. गाठोडे बांधण्याची रीतच तशी होती. २०२२ च्या डिसेंबरात 'नोपेन' या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत झाला. त्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून काही ठरावीक अफूविरहित औषधांचे व साधनांचे पैसे मेडिकेअर गाठोड्याबाहेर, स्वतंत्रपणे देऊ लागले.

भाऊजींच्या मांडीतील मज्जातंतू बधिर करण्यात आला आणि सांध्यातही औषध सोडण्यात आले. सायंकाळी ते कुबड्यांच्या चौकटीवर घरी चालत आले. दुसऱ्या रात्री बधिरता उतरली, तेव्हा मात्र त्यांचे कण्हणे आम्हांला वरच्या खोलीत ऐकू येऊ लागले. सोबत दिलेल्या थोड्याशा गोळ्यांची बाटली ताईने कपाटात कुलपात ठेवली होती. ती तिने आणली. भाऊजींनी बराच वेळ त्या गोळीकडे पाहिले, मग क्रुसाची खूण करून घेतली. एकंदर तीन गोळ्या लागल्या. उरलेल्या ताईने पोलीस ठाण्यात अशाच औषधांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकून दिल्या.

अफूला सरसकट सैतान ठरविण्याच्या पंथाचे आम्ही नाही, हे येथेच नमूद करतो. कर्करोगाच्या अखेरच्या वेदनेवर मॉर्फिनची जागा घेणारे फारसे काही नाही. आपल्या देशात तर उलटीच तऱ्हा. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने रुग्णालये मॉर्फिन ठेवीनाशी झाली आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतरही ते सर्वत्र पोहोचलेले नाही. आपल्याकडचा रुग्ण गोळीअभावी तळमळतो.

नव्या कायद्याचे स्वागत करतानाही एक गोष्ट खटकते. त्याने स्वतंत्र पैसे दिले ते औषधांना आणि साधनांना. म्हणजे ज्यांच्यामागे कोणी उत्पादक उभा आहे, अशा वस्तूंना. या यादीतील एक्स्पारेल हे दीर्घकाळ बधिर ठेवणारे औषध साध्या, स्वस्त औषधाहून विशेष सरस ठरत नाही, असे निष्कर्ष २०२१ साली अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या नियतकालिकात आले. उत्पादक कंपनीने नियतकालिकावर दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. २०२५ च्या जानेवारीअखेर सुझेट्रिजिन या अगदी नव्या जातीच्या, मेंदूऐवजी वेदनावाहक मज्जातंतूंवर काम करणाऱ्या गोळीला तेथे मान्यता मिळाली. चाचण्यांत ती नुसत्या खोट्या गोळीहून सरस ठरली, जुन्या अफूजन्य मिश्रणाहून सरस ठरली नाही; तिचे व्यसन लागत नाही, हा तिचा मोठा गुण. एका गोळीची छापील किंमत साडेपंधरा डॉलर. जुनी गोळी डॉलरहून कमीत मिळते. कोणती विमा कंपनी कोणती गोळी दोन कळांत मंजूर करील, यावर या नव्या औषधाचे भवितव्य ठरणार आहे.

भाऊजींना चालते केले ते मात्र व्यायाम करवून घेणाऱ्या एका मध्यमवयीन पोर्तुगीज बाईंनी. मेडिकेअरने ऐंशी टक्के दिले, उरलेले वीस टक्के त्यांच्या पूरक विम्याने. पूर्वमंजुरी नाही, वार्षिक मर्यादा नाही. चोवीस बैठका झाल्या. गंमत म्हणजे मिनिटांचा हिशेब येथेही आहेच : पंधरा मिनिटांचे एक माप लावायचे तर किमान आठ मिनिटे काम झालेले असावे लागते. बाई भिंतीवरील घड्याळाकडे पाहत पाहत गुडघा वाकवीत, आणि भाऊजी वेदनेने ओरडले की म्हणत, "अजून एक मिनिट, मग सरकार मला पैसे देईल." माणूस तोच, देश तोच, दुखणेही फारसे निराळे नाही. पैसे देणारा बदलला, तेवढ्याने साठीतील भिंत धरून चालणे आणि सहासष्टीतील जिना चढणे असा फरक पडला.

वसईस परतल्यावर आम्ही आमच्या स्वतःच्या विम्याची पुस्तिका काढून वाचली. रुग्णालयात चोवीस तास पडून राहिल्यास खर्च मिळतो. घरी आल्यावर साठ दिवसांचा मिळतो. त्यापुढे, किंवा रुग्णालयात न जाता, कंबर-गुडघ्यासाठी व्यायामोपचार घेतले तर काहीही नाही. वाडीत वाकून वाकून जिचे गुडघे झिजले त्या बाईचे दुखणे चोवीस तास खाटेवर पडण्याइतके कधीच होत नाही. ती औषधाच्या दुकानातून गोळीची पट्टी आणते, आणि तिच्या मूत्रपिंडांवर त्या गोळ्यांचा काय परिणाम होतो ते पुढे केव्हातरी कळते. याविषयी विमा प्रतिनिधीला आम्ही पत्र लिहिले आहे. त्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.

भाऊजींचा डावा गुडघाही आता बोलू लागला आहे. अफूविरहित औषधांना स्वतंत्र पैसे देणारी ती तरतूद २०२७ च्या डिसेंबरअखेरपर्यंतच आहे. पुढे तिला मुदतवाढ मिळेलच असे नाही. म्हणून त्याआधी दुसरीही शस्त्रक्रिया उरकून घ्यावी असा ताईचा आग्रह आहे. भाऊजी म्हणतात, नातीचा पहिला ख्रिस्तप्रसाद होऊ दे, तिच्या मागे दोन्ही पायांवर चालत वेदीपर्यंत जातो, मग पाहू. ताईने दिनदर्शिकेवर दोन्ही तारखा लाल शाईने मांडून ठेवल्या आहेत.